ब्रिकटॉपच्या रस्त्यावर दोन फेऱ्या

पॅरिसमधल्या चार दिवसांपैकी एक सकाळ आणि एक संध्याकाळ मी अशा बाईमागे घालवली, जिचं गाणं आज फारसं ऐकायलाच मिळत नाही. एडा स्मिथ, जन्म १८९४, अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया. लाल केसांमुळे नाव पडलं ब्रिकटॉप. शिकागोत वाढली, तिथल्या आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या क्लबांत गायली आणि १९२४ साली पॅरिसला आली. पुढे पंधरा वर्षं पिगाल या क्लबांच्या वस्तीतल्या रात्री तिच्या भोवती फिरत होत्या. रेकॉर्डिंग मात्र नसल्यातच जमा. म्हणून म्हटलं, निदान जागा तरी बघून येऊ.

पहिली फेरी वाया गेली. सकाळी दहाला पोचलो, तर निम्मी शटरं खाली. शिवाय मी 'रू पिगाल' ('रू' म्हणजे रस्ता) अशी पाटी शोधत होतो. १९९३ पासून त्या रस्त्याचं नाव 'रू जाँ-बाप्तिस्त पिगाल' झालंय, आणि जुन्या पुस्तकांतला 'रू फोंतेन' आता 'रू पिएर फोंतेन' आहे. मोबाईलच्या नकाशात पूर्ण नावच टाका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहाणपण आलं होतं. मेट्रोच्या १२ नंबर लाइनने त्रिनिते स्टेशनवर उतरलो. पिगाल स्टेशनलाही उतरता येतं, पण मग वरून खाली यावं लागतं आणि सुरुवातच चुकते. त्रिनिते चर्चजवळ रू द क्लिशीवर 'कॅसिनो द पारी' हे नाचगाण्याचं थिएटर आहे. पहिलं महायुद्ध संपता संपता लुई मिचेलचा कृष्णवर्णीय बँड इथे वाजवू लागला. त्यात क्रिकेट स्मिथ नावाचा ट्रम्पेटवाला होता, आणि मुंबईकर म्हणून मी तिथे जरा जास्तच रेंगाळलो. कारण तोच गडी १९३० च्या दशकात आपल्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. अशा वादकांशेजारी बसूनच आपल्या गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं.

तिथून पुढे रू पिगाल, चढणीचा रस्ता. पॅरिसमध्ये सेन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर घरांचे आकडे वाढत जातात आणि सम आकडे उजव्या हाताला असतात. एवढं लक्षात ठेवलं की कुणाला विचारावं लागत नाही. विचारायचंच झालं तर आधी 'बाँजूर' म्हणा. त्याशिवाय थेट प्रश्न टाकलात, तर समोरच्याच्या कपाळावर आठी पडते.

बावन्न नंबर. इथे 'ल ग्राँ द्युक' हा क्लब होता, ब्रिकटॉपला गायला बोलावलं होतं तो. आज आत काही बघण्यासारखं नाही, पण कोपरा नीट न्याहाळा. ब्रिकटॉप समुद्र ओलांडून आली ती मोठ्या दिवाणखान्याची अपेक्षा ठेवून. आत आल्यावर तिने विचारलं, बार छानच आहे, पण कॅबरे कुठे आहे? हाच कॅबरे, असं उत्तर आलं. जेमतेम डझनभर टेबलं. आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या इराण्यासारखा मामला. तिला रडूच कोसळलं. तेव्हा स्वयंपाकघरातून एक पोरगा बाहेर आला आणि तिची समजूत काढून काहीतरी खाऊन घे म्हणाला. तिथे भांडी घासणारा तो पोरगा म्हणजे पुढे कवी म्हणून गाजलेला लँग्स्टन ह्यूज.

ही गोष्ट आधी वाचलेली होती, पण त्या अरुंद वळणावर उभं राहिल्यावर तिचा अर्थ लागला. आवाजाच्या बाबतीत ती काही फार मोठी गायिका नव्हती, आणि तसा तिचा दावाही नव्हता. तिची कला खोलीच्या मापाची होती. टेबलाटेबलापाशी जाऊन अर्धं बोलत, अर्धं गात राहायचं, कोण आलं, कोण रुसलं ते टिपायचं आणि गल्ल्यावरची नजरही ढळू द्यायची नाही. अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या पाहुण्यांना तिने चार्ल्सटन नाच शिकवला आणि श्रीमंतांची रीघ लागली. ते सगळं रेकॉर्डवर उतरणार तरी कसं?

आणखी वर सहासष्ट नंबर, तिच्या स्वतःच्या 'शे ब्रिकटॉप' या क्लबचा पत्ता. गायिका मेबल मर्सर तिच्याकडेच गायची. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून, कानात हेडफोन घालून गिटारवाला जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवाला स्तेफान ग्रापेली यांची १९३७ ची 'ब्रिकटॉप' ही धून लावली. तीन मिनिटांच्या आत संपते. तेवढ्यात एका आजींनी मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना कुत्रा बाहेर काढायचा होता.

आता कामाच्या गोष्टी. न थांबता चाललात तर पंधरा मिनिटांचा रस्ता, रमतगमत दीड तास. बूट चढणीला चालतील असे घाला. वर चौकात आणि मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. दारात उभं राहून आत बोलावणाऱ्या बारमध्ये शिरू नका, बिल बघून डोळे पांढरे होतील. वाद्यांचा शौक असेल तर जवळच्या रू द दुए आणि रू व्हिक्टर मासे या रस्त्यांवर गिटारची दुकानं आहेत, पण ती दिवसा बघा. जॅझ प्रत्यक्ष ऐकायचं तर शातले स्टेशनजवळच्या रू दे लोंबारला जा, तिथे एकाच गल्लीत तीन क्लब आहेत.

परतीला पिगालहून २ किंवा १२ नंबर लाइन. आठवड्यातल्या दिवशी शेवटची मेट्रो साधारण एकच्या सुमारास असते, त्यामुळे बारा वाजले की घड्याळ बघायला लागा. ब्रिकटॉपकडे त्या वेळी गिऱ्हाइकं यायला नुकती सुरुवात झालेली असे.