शंभराला एक

नंदवाळची दिंडी म्हणजे वारीत मिळालेली सूट, असं मी मित्रांना सांगायचो. आळंदीची पालखी पंढरपूरला पोचेपर्यंत माणसं अडीचशे किलोमीटर चालतात. आम्ही कोल्हापूरकर आषाढी एकादशीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून निघतो आणि बाराएक किलोमीटर चालून नंदवाळला, आमच्या प्रतिपंढरपुरात. संध्याकाळी परत घरच्या गादीवर. पण २०२५ च्या आषाढीला, ६ जुलैच्या रविवारी, मला तेवढंही झेपेल की नाही ही शंका होती. तीन आठवडे नीट झोप नव्हती.

कारण पुण्याचं पत्र. मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत गुणवत्ता तपासणीला आहे, अकरा वर्षं. पुण्यातल्या एका गाड्यांचे भाग घेणाऱ्या कंपनीनं बोलावलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट, काम लॅपटॉपवर. दुसरीकडे एका दोस्तानं उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचं, काम करायला मशीन घेतलं होतं आणि भागीदारीत ये म्हणत होता. पुण्याला सोमवारी कळवायचं होतं. सगळे विचारायचे, काय ठरलं? मी म्हणायचो, गोंधळ आहे.

तिकटीवर पाऊस भुरभुरत होता. टाळ, पखवाज, बायकांच्या डोक्यावर तुळशी, आणि घोड्याबरोबर सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं. पहिला तासभर मी चाललो तो हिशेब करतच. घरभाडं, पोरीची शाळा, आईची औषधं. सानेगुरुजी वसाहत मागे पडली तरी ओठांवर 'ज्ञानोबा माउली तुकाराम' आणि डोक्यात हप्ता.

पुढे शेजारी एक म्हातारे आले. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्यावर प्लास्टिकची खोळ.

"काय करतोस रं?"

"फौंड्रीत आहे, मामा."

"ते झालं. करतोस काय?"

हुद्दा सांगितला तर त्यांना काही कळलं नसतं, म्हणून पहिल्यापासून सांगायला लागलो. आधी पॅटर्न करतात, मग तो वाळूत दाबून साचा काढतात, मग त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून तीनशे मिलिमीटरचा भाग हवा असला तर पॅटर्न तीनशे तीनचा. जुन्या पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असायची, तिच्यावरचा सेंटिमीटर जरा थोराड. शिवाय कडांना किंचित उतार ठेवायचा, नाहीतर पॅटर्न वर काढताना वाळू ढासळते.

"म्हंजे लबाड पट्टी," म्हातारे म्हणाले.

"लबाड नव्हे मामा, तिला पुढचं माहीत असतं."

मग मी थांबलोच नाही. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, सागवानी पॅटर्नवर नख फिरवलं तरी सांधा लागायचा नाही, हे सांगितलं. बीडाच्या आत हवेचा बुडबुडा राहिला की तो कसा शोधायचा, तेही सांगितलं. पुईखडीचा चढ कधी संपला कळलं नाही. म्हातारे मध्येच म्हणाले, "हे धर जरा, खोळ सारखी करतो," आणि त्यांनी टाळ माझ्या हातात दिले. मी वाजवायला गेलो आणि ताल चुकला. पुढच्या विणेकऱ्यांनी वळून बघितलं. तोवर रिंगणाची गर्दी झाली आणि म्हातारे त्यात कुठं गेले ते दिसलंच नाही. टाळ माझ्याकडेच.

रिंगणात घोडा धावला. मग पताकावाले धावले, तुळशीवाल्या बायका धावल्या. त्यातली एक माझ्या आईच्या वयाची, एका हातानं तुळस धरलेली, दुसऱ्या हातानं लुगडं सावरत. मी चिखलात टाळ घेऊन उभा होतो आणि एक गोष्ट चरचरीत लक्षात आली. तीन आठवड्यांत पुण्याच्या कामाबद्दल मी पगाराच्या पुढं एक वाक्य कुणाशी बोललो नव्हतो. गोंधळ वगैरे काही नव्हता. आबांची भीती होती. "लाकडाच्या भुशात आयुष्य गेलं, तू तिकडं बघायचं नाहीस," असं ते मी दहावीला असल्यापासून म्हणत आलेत.

नंदवाळला दर्शनाची रांग लांब होती. मला वाटेतली भाताची रोपलावण जास्त आठवते, आणि कुणीतरी हातावर ठेवलेली गरम खिचडी. देवापुढं काही मागायचं सुचलं नाही. टाळ मंदिरात एका दिंडीवाल्याकडे दिले. म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

सोमवारी पुण्याला नकार कळवला. रात्री आबांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले. पुढं चार दिवस जे काय बोलायचं ते आईमार्फत. "त्याला विचार, मशीन सगळं कापणार तर हा काय करणार?" मी आईलाच सांगितलं की बीड किती आकसणार, उतार कुठं ठेवायचा, हे मशीनलाही कुणीतरी सांगावंच लागतं. आई म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं.

पाचव्या दिवशी जेवताना, ताटातून मान वर न करता आबा म्हणाले, "सागवान हल्ली काय भावानं आहे, चौकशी केलीस का?"

आता सागवान फारसं कुणी वापरत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.