भाड्याच्या सभागृहातील मंडळी

पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या वस्तीत आमची एक लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. नोकरीच्या निमित्ताने नगर, जालना, सोलापूर या भागांतून आलेली कुटुंबे दर रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात उपासनेसाठी जमतात. सभागृह भाड्याचे आहे. "तुमचं चर्च कुठे आहे?" या प्रश्नाला शाळेचे नाव सांगितले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव उमटते, आणि ती मला नेहमीच अनाठायी वाटत आली आहे.

पहिल्या शतकातील मंडळ्यांकडेही स्वतःची इमारत नव्हती. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो. त्रोवस येथे माडीवरील सभेत त्याचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही हकिकत आमच्या पाळकसाहेबांना अधूनमधून आठवून द्यावी लागते. इफिसात तर पौल दोन वर्षे तुरन्नाच्या पाठशाळेत रोज बोलत असे. काही प्राचीन हस्तलिखितांत त्याची वेळही दिली आहे: पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सकाळी 11 ते दुपारी 4. ऐन उन्हाच्या आणि लोकांच्या विश्रांतीच्या वेळीच पाठशाळा रिकामी मिळत असावी. सभागृहाच्या तारखेसाठी ज्याने शाळेच्या कार्यालयात खेटे घातले आहेत, त्याला हा तपशील वाचून पौलाविषयी एकदम आपुलकी वाटते. पुढे तिसऱ्या शतकात, सीरियातील युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावी ख्रिस्ती लोकांनी एका राहत्या घराची मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक मोठी खोली केली आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले. 1930 नंतरच्या उत्खननात ते घर सापडले.

आपल्याकडेही याहून फार वेगळे घडले नाही. अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधील काम 1831 मध्ये सुरू झाले. खेड्यापाड्यांत मिशनची शाळा आणि प्रार्थनेची जागा पुष्कळदा एकच असे. आठवडाभर जेथे पाढे म्हटले जात, तेथेच रविवारी गीते म्हटली जात. अशा शाळांत अक्षर गिरवलेल्यांची पणतवंडे आज दुसऱ्याच्या शाळेत भाडे भरून तीच गीते म्हणतात. नारायण वामन टिळकांच्या भजनांना ऑर्गन लागत नाही, घुमणारे उंच छत लागत नाही; पेटी, तबला आणि टाळ एवढ्यावर ती उभी राहतात. आमच्यासारख्यांवर हे त्यांचे मोठे उपकार आहेत.

आमचे सारे सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत मावते. तिच्यात प्रभुभोजनाचे छोटे पेले, टेबलावर अंथरण्याची पांढरी चादर, दानाच्या मखमली पिशव्या आणि कोपरे दुमडलेली गीतांची पुस्तके असतात. ट्रंक तळमजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाकडे असते आणि पेटी दुसऱ्याकडे, त्यामुळे दोघांपैकी एक जण गावी गेला की कशाविना तरी उपासना होते. डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन असते. त्या रविवारी थर्माकोलच्या किल्ल्यासमोर, तोफेच्या शेजारी उभे राहून पाळकसाहेब ख्रिस्तजन्माची तयारी समजावून सांगतात आणि मुलांचे सगळे लक्ष तोफेकडे असते.

अनुभवाने सांगायचे तर, आम्हाला जागेपेक्षा वेळेची वाण अधिक भासते. भिंती कोणाच्याही असल्या तरी चालते, पण रविवार आपला असावा लागतो आणि तोच आमचा नाही. स्पर्धा परीक्षेचे केंद्र शाळेत आले की शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो आणि उपासना कोणाच्या तरी गच्चीवर हलते. ज्यांच्याकडे तो निरोप पोहोचत नाही ती म्हातारी माणसे शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत जातात, आणि अशी दोन-तीनदा परत गेलेली माणसे हळूहळू येईनाशी होतात.

मरण तर वेळ ठरवून येत नाही. मंडळीतील एक वृद्ध सभासद आठवड्याच्या मध्येच वारले, तेव्हा शाळा भरलेली होती. शेवटची प्रार्थना त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये करावी लागली. मुलांनी दुचाकी बाजूला सारून जागा केली, पेटी स्कूटरवरून आली आणि पावसामुळे निम्मे लोक जिन्यात उभे राहिले. गीत चालू असताना एक गाडी आत यायची म्हणून हॉर्न वाजवत होती. त्यात त्या चालकाचा काही दोष नव्हता, परंतु आयुष्यभर मंडळीत गायलेल्या माणसाला एवढा निवांत तासही आम्ही देऊ शकलो नाही, ही सल अजून जात नाही. इमारत हवी असे मला मनापासून वाटले ते तेव्हाच.

सध्या कमिटीपुढे भूखंड घेण्याचा विषय आहे. परवडणारा भूखंड शहराबाहेर, बसचा मार्ग संपतो त्याच्याही पुढे आहे. तरुण सभासद उत्साहात आहेत, कारण त्यांच्याकडे गाड्या आहेत. माझे मत मी सभेत मांडले आहे: त्याच पैशांतून वस्तीतच एखादा तळमजल्यावरचा गाळा दीर्घ कराराने घ्यावा, तो रविवारी आणि गरज पडेल तेव्हा आपल्या ताब्यात असावा, आणि मनोऱ्याचा विचार पुढच्या पिढीवर सोडावा. यावर अद्याप एकमत झालेले नाही.