सर्टिफिकेट आणा, मग लिफ्ट

संधिवाताने आईची बोटं वाकली आणि व्हीलचेअर आली, तेव्हा पडलेला चष्मा, मोबाइल, किल्ल्या उचलून द्यायला आमच्या भुरीला, म्हणजे लॅब्रेडोर कुत्रीला, शिकवायचं ठरवलं. 'आण', 'दे', दोरी ओढून कपाट उघडणं, हे सगळं घरात जमलं. किल्लीला तेवढी ती तोंड लावेना. बऱ्याच कुत्र्यांना दातांना धातू लागलेला आवडत नाही. किल्लीला जाड सुती चिंधी गुंडाळली आणि दर दोन-तीन दिवसांनी ती थोडी थोडी कमी केली. संपला प्रश्न.

घोडं अडलं लिफ्टशी. निम्मं जाळीच्या दारात, निम्मं सोसायटीच्या कमिटीत.

आमची लिफ्ट जुनी, हाताने ओढायच्या जाळीची. कुत्र्याला तिचं भय तीन कारणांनी वाटतं: जाळीचा खडखडाट, उंबऱ्याच्या फटीतून खाली दिसणारा अंधार आणि पायाखालचा गुळगुळीत पत्रा. तिन्ही भीती एकदम घालवायला गेलात तर एकही जात नाही.

आधी आवाज. जाळीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि भुरीचा कान जेमतेम हलेल इतका हळू लावला. आवाज झाला की लगेच चिकनचा तुकडा. क्रम हाच हवा. खाऊ आधी दाखवून मग आवाज केला, तर कुत्रं शिकतं की खाऊ निघाला म्हणजे आता खडखडाट होणार, आणि मग खाऊलाही तोंड लावत नाही. पहिले चार दिवस आमच्याकडून नेमकी हीच चूक झाली. तुकडे उकडलेले, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. तेवढं रोजच्या जेवणातून वजा करायचं. सराव तीन-चार मिनिटांचा, दिवसातून तीनदा. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढची पायरी, लागोपाठ दोनदा चुकलं तर एक पायरी मागे.

मग जागा. लिफ्ट टेपने मोजून हॉलमध्ये तेवढाच चौकोन तीन बाजूंनी खुर्च्या लावून केला. व्हीलचेअर उलटी आत न्यायची, म्हणजे मोठी चाकं आधी जातात; पुढची लहान चाकं आधी नेली तर ती फटीत अडकतात. कुत्रं मात्र सरळ आत येतं, त्यामुळे शेपटी नेमकी दाराशी राहते. म्हणून 'फिर' शिकवायचं: तोंड दाराकडे, शेपटी मागच्या भिंतीकडे, पंजे जाळीपासून वीतभर लांब. अरुंद जागेत वळायला मागचे पाय वेगळे हलवता यावे लागतात. त्यासाठी साधा पाट पुरतो. पुढचे पाय पाटावर ठेवायला लावायचे आणि आपण हळूहळू बाजूला सरकत राहायचं; कुत्रं मागचे पाय आपोआप फिरवतं.

पट्टा व्हीलचेअरला कधीही बांधू नका. कुत्रं आत, पट्ट्याचं टोक बाहेर आणि लिफ्ट सुरू, यातून गळफासच बसतो. शेपटी, पट्टा, पंजे या क्रमाने बघायचं, मगच जाळी ओढायची.

एवढं शिकून तयार कुत्रं सहा आठवडे लिफ्टबाहेर बसून होतं. कमिटीला 'सरकारी सर्टिफिकेट' हवं होतं. मदतनीस कुत्र्याचा असा दाखला आपल्याकडे कुठलंही सरकारी खातं देत नाही. मग आणायचा कुठून? "चावली तर जबाबदार कोण?" हा पुढचा प्रश्न. मग मुसकं घालायची अट. मुसकं घातलेलं कुत्रं चष्मा उचलणार कसं, हे तीन वेळा समजावलं. शेवटी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं पत्रक कामी आलं. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळं शुल्क घेता येत नाही, मुसक्याची सक्तीही करता येत नाही, असं त्यात आहे. दोन लिफ्ट असतील तर त्यातली एक ठरवून देता येते. सोबत आईचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), रेबीजच्या लशीची नोंद, महापालिकेचा परवाना आणि भुरी कोणकोणती कामं करते याची यादी जोडली. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. आमचं पहिलं पत्र 'मिळालंच नाही'.

परवानगी मिळाल्यावर थेट तिसरा मजला नाही. दुपारी दोनला, लिफ्ट रिकामी असताना, ती तळमजल्यावरच उभी ठेवून सराव. पत्र्यावर रबरी पायपुसणं टाकलं आणि नखं कापली. पाय घसरायचे थांबले तशी निम्मी भीती गेली. मग एकच मजला, बाहेर, परत खाली. अडली तर ओढायचं नाही, आपण बाहेर येऊन थांबायचं. वॉचमनने प्रेमाने मागून ढकललं त्या दिवशी आम्ही आठवडाभर मागे गेलो.

उठताना कुत्र्याच्या पाठीवर भार देऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं. लॅब्रेडोरची हाडं भरायला दीड वर्ष तरी लागतं, आणि पुढेही पशुवैद्याने एक्स-रे पाहिल्याशिवाय नाहीच.

आणि आज्ञा म्हणून 'बस' हा शब्द वापरू नका. चहा ओतताना आई "बस, बस" म्हणाली की भुरी असेल तिथे बसायची, तोंडातला चष्मा टाकून. आम्ही तो शब्द बदलून 'बैठक' केला. शब्द बदलायला तीन आठवडे गेले, आणि त्यात सगळ्यात उशिरा शिकलो ते आम्हीच.