घड्याळजींची वंशावळ

आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ग्राफ्टन गावात, विलार्ड भावंडांचं जुनं घर आहे. बेंजामिन, सायमन, एफ्रेम आणि ॲरन, चौघेही घड्याळजी. थोरल्या बेंजामिनने 1766 मध्ये इथेच काम सुरू केलं. एका रविवारी पाहुण्यांना दाखवायला म्हणून गेलो आणि त्या कुटुंबाच्या नादाला लागलो.

नाद म्हणजे जुनी कागदपत्रं उकरणं. त्यात पहिली पंचाईत नावांची. सायमनचा मुलगा सायमन, ॲरनचा मुलगा ॲरन, आणि सगळे घड्याळंच करणार! आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण मधे वडिलांचं नाव असतं, तेवढी तरी सोय. सायमनच्या एका नातवाचं नाव झॅबडिएल. तोही घड्याळांच्याच धंद्यात, पण निदान ओळखू तरी येतो. त्याच्या आईवडिलांचे मनापासून आभार.

सायमनने 1802 मध्ये भिंतीवरच्या आटोपशीर घड्याळाचं पेटंट घेतलं. वर गोल तबकडी, खाली निमुळता गळा, तळाशी लंबकाची पेटी. पेटंटात नाव साधंच, ‘सुधारित घड्याळ’. बँजो या तंतुवाद्यासारख्या आकारावरून लोक त्याला बँजो म्हणू लागले ते पुढे. दुसऱ्यांनी त्याची सर्रास नक्कल केली आणि हा गृहस्थ कोर्टाची पायरी चढला नाही. धाकटा ॲरन व्यवहारात पक्का, चांगला पैसा गाठीला बांधून निवृत्त झाला. सायमन मात्र 86 वर्षांचा होईपर्यंत दुकानात राबला आणि 1848 मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी गेला तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. मला अर्थातच सायमन आवडतो. हिशेबाच्या वह्या मात्र ॲरनकडे दिल्या असत्या.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल गावात. तिथे गिडियन रॉबर्ट्स लाकडी चाकांची घड्याळं करी. त्याची मुलगी कँडेस तबकड्या रंगवायची. रोजनिशीही लिहायची. 1806 मध्ये, ऐन विशीत, ती गेली.

तबकडीवर नाव असलंच तर घड्याळजीचं. त्या दिवसापासून जुनं घड्याळ दिसलं की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या फुलांवर जाते. काट्यांकडे नंतर.