शर्ट, काडतूस आणि माझी सही

गुन्ह्यातले पुरावे गोळा करायच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा वाटायचं, पुरावा सापडला की काम फत्ते. पुढे काय, पिशवीत घालायचा नि चिठ्ठी चिकटवायची.

सरावासाठी मांडलेल्या घटनास्थळावर प्राण्याच्या रक्तात भिजवलेला शर्ट होता. मी त्याची छान घडी घातली, झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवाबंद केला. सरांनी काही न बोलता पिशवी कपाटावर ठेवली आणि आठवड्याने माझ्याकडूनच उघडून घेतली. वास विचारू नका. कापडावर बुरशी आली होती, आणि पुढचा डाग घडीतून मागच्या बाजूला उमटला होता. ओल कोंडली की जंतू वाढतात, डीएनए खराब होतो. आणि हल्ला कुठून झाला हे सांगणारा डागांचा आकार मी माझ्या हाताने बिघडवला होता. नाइलाजाने प्लास्टिकमधून न्यावंच लागलं तर ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच. तिथे शर्ट स्वच्छ कागदावर उघड्या हवेत सुकवायचा (हीटर नाही, पंख्याचा झोतही नाही), मग घडीघडीत कोरा कागद घालून कागदी पिशवीत ठेवायचा.

कागद म्हणजे रामबाण, असं मनात घट्ट झालं आणि पुढच्याच आठवड्यात तेही मोडलं. जाळपोळीतला राडारोडा कागदात बांधला तर पेट्रोलची वाफ उडून जाते. साध्या पॉलिथिनमधूनही ती झिरपते. त्याला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा लागतो, आणि तो गच्च भरायचा नाही. वरची मोकळी जागा महत्त्वाची, कारण तिथे साठलेली वाफच तपासली जाते.

केस, धागे, रंगाचे कण यांची मात्र पुडी. हो, अंगाऱ्याची बांधतात तशीच. हे एकच काम मला पहिल्या झटक्यात जमलं. थेट पाकिटात टाकले तर बारीक कण कोपऱ्यांतून गळतात, म्हणून आधी पुडी, मग ती पाकिटात. पाकीट थुंकीने चिकटवायचं नाही, नाहीतर तपासात आपलाच डीएनए हजर! जर्मनीत वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गुन्ह्यांत एकाच बाईचा डीएनए सापडत होता. २००९ मध्ये कळलं, की तो नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या बनवताना त्यांना लागला होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. तेव्हापासून हातमोजे बदलायचा मी कंटाळा करत नाही.

शेवटच्या परीक्षेत अकरा वस्तू होत्या. चाकू खोक्याच्या तळाला बांधून टाकला, हलला की टोक बाहेर येतं. फोन सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत, म्हणजे दुरून कुणी पुसायला नको. लेबल आधी लिहायचं, वस्तू नंतर आत. कागदावर दाबून लिहिताना आतल्या वस्तूवर वळ उठतात. सीलच्या पट्टीवर सही अशी, की अर्धी पट्टीवर आणि अर्धी पाकिटावर यावी. स्टेपलर वर्ज्य.

परीक्षकांनी प्रयोगशाळेत करतात तसं माझं सील न तोडता दुसऱ्या बाजूने एकेक पाकीट कापलं. दहा पास झाली. अकराव्यात काडतुसाची पुंगळी होती. पुडी चोख, सील चोख, सही बरोबर अर्धी-अर्धी. फक्त वेळ लिहायची राहिली होती. "ही तुमच्या हातात कधी आली?" त्यांनी विचारलं. मी घड्याळाकडे बघत राहिले.