खोक्यात निघालेला मोडका संग्रह

बँकेकडून हाफ डॉलरचं, म्हणजे अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचं खोकं येतं ते ५०० डॉलरचं: ५० रोल, प्रत्येकात २० नाणी. अमेरिकेत रोजच्या देवघेवीत हे नाणं फारसं फिरत नाही. घरात वर्षानुवर्षं पडून राहतं, मग एक दिवस कुणीतरी ते सरळ बँकेत भरतं. बँकेतून रोल आणून त्यात चांदीची किंवा दुर्मीळ नाणी शोधण्याच्या छंदात राम आहे तो त्यामुळेच.

रोल फोडला की नाणी आडवी रचून मी दिव्याखाली आधी कड बघतो. १९७१ पासूनच्या साध्या, बिनचांदीच्या नाण्यांच्या कडेला तांब्याची पट्टी ठळक दिसते. १९६४ आणि त्याआधीचं, ९० टक्के चांदीचं नाणं कडेला सलग पांढरं असतं. फसवतात ती १९६५ ते १९७० ची ४० टक्केवाली. त्यांच्या गाभ्यात चांदी असली तरी तांबंच जास्त, म्हणून कडेवर तपकिरी झाक राहते आणि मळलेलं नाणं साध्यात सहज खपून जातं. तेव्हा कड बघितली तरी प्रत्येक नाण्याचं साल वाचायचंच. वजन १२.५ ग्रॅम भरलं तर ते ९० टक्केवालं, शंका नको, पण ४० टक्केवालं ११.५ आणि साधं ११.३४, झिजलेल्या नाण्यात एवढा फरक टिकत नाही.

परवाच्या खोक्यातले सुरुवातीचे रोल साधेच होते. मग एकात १९७० चं नाणं निघालं, केनेडींच्या मानेखाली बारीक 'डी', म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीची खूण. त्या सालचं हाफ डॉलर टांकसाळीने चलनात सोडलंच नव्हतं. डेन्व्हरची सुमारे २१.५ लाख नाणी फक्त मिंट सेटमधून, म्हणजे टांकसाळ संग्राहकांना विकते त्या संचांतून गेली. म्हणजे कुणीतरी सेट फोडून दर्शनी किमतीला भरला होता, आणि असा माणूस सहसा एकच सेट फोडत नाही. शेजारच्या रोलमध्ये १९८७ चं 'पी' (फिलाडेल्फिया) आणि 'डी' सापडलं, तीही चलनात न आलेली. त्यापुढे 'एस'ची (सॅन फ्रान्सिस्को) प्रूफ नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली: पार्श्वभूमी आरशासारखी, चेहरा दुधाळ. अशी नाणी कडेनेच धरायची, पुसायची तर मुळीच नाहीत. एका पुसण्याने पडलेले चरे कायमचे राहतात, आणि संग्राहक ते लगेच ओळखतो.

तपासलेली नाणी खोकं संपेपर्यंत रोलनिहाय वेगळी ठेवायची, ही सवय इथे कामी आली. सगळी पुन्हा चाळली, या वेळी भिंगाखाली. २००२ ते २०२० ची नाणी केवळ संग्राहकांसाठी पाडलेली, ती बाजूला काढली. १९८२ च्या 'पी' नाण्यांवर गरुडाच्या शेपटीजवळची 'एफजी' ही नक्षीकाराची आद्याक्षरं शोधली. साचा जास्त घासला गेल्याने काहींवर ती उमटलेलीच नाहीत, आणि तशांनाच मागणी असते. या खोक्यात मात्र सगळ्यांवर होती.

उरलेली नाणी वीस-वीस मोजून रोलमध्ये भरली. ती मागवलेल्या बँकेत नाही, दुसऱ्या बँकेत जमा करायची. नाहीतर पुढच्या खोक्यात आपलीच नाणी आपल्याला परत मिळतात.