हिरवा दिवा लागलेला होता

भाड्याच्या मोटरहोममधून, म्हणजे आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, आम्ही सात दिवस डोंगराळ भागात फिरलो. त्यांतले सहा दिवस उत्तम गेले आणि त्यांविषयी मला काहीही लिहायचे नाही. हा वृत्तांत चौथ्या रात्रीचा आहे, कारण मी, नवरा आणि माझा मोठा भाऊ त्या रात्री ज्यांच्या भरवशावर झोपलो, त्यांपैकी एकही गोष्ट भरवशाची निघाली नाही.

गाडी ताब्यात देताना भाडे कंपनीच्या माणसाने भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे इंधनाच्या धुरातल्या रंग-वास नसलेल्या विषारी वायूचा, अलार्म दाखवला, त्याचे बटण दाबून आवाज ऐकवला आणि "हा आहे तोवर निर्धास्त झोपा," असे सांगितले. करारात 'सुरक्षा साहित्य' या नावाखाली वेगळी रक्कम लावलेली होती. तीही आम्ही मुकाट्याने भरली. ते बटण बॅटरी, भोंगा आणि आतील जोडण्या तपासते, वायू ओळखणारा सेन्सर शाबूत आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चौथ्या संध्याकाळी घाटमाथ्यावरच्या वाहनतळावर थांबलो. मागे उंच दगडी भिंत, दोन्ही बाजूंना खेटून गाड्या आणि वारा पूर्ण पडलेला. आमचा जनरेटर बंद होता, म्हणून धुराचा विचारही मनात आला नाही. शेजारच्या गाडीचा मात्र चालू होता आणि त्याच्या सायलेन्सरची नळी आमच्या खिडकीकडे तोंड करून जेमतेम दोन मीटरांवर होती. स्वयंपाकाची वाफ जावी म्हणून लावलेला छताचा पंखा झोपतानाही तसाच चालू राहिला आणि नेमकी त्याच बाजूची खिडकी चार बोटे उघडी होती. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, त्यामुळे हवा खेळती ठेवल्याच्या समाधानात आम्ही रात्रभर शेजाऱ्याचा धूर आत ओढत होतो.

मध्यरात्रीनंतर दादाचे डोके ठणकू लागले आणि मळमळही सुरू झाली. "उंचीमुळे असेल," असे तो म्हणाला आणि आम्हालाही ते पटले. बोटाला रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला तर ९६ टक्के असा चांगला आकडा आला, म्हणून गोळी देऊन आम्ही आडवे झालो. आता त्या आकड्याचीच भीती वाटते: कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की हा वायू, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला दिसत नाही. या विषबाधेच्या शंकेत त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नका.

दादा उलटीसाठी बाहेर गेला, दहा मिनिटांत त्याला बरे वाटले आणि परत आत येताच डोके पुन्हा सुरू झाले. उंचीचा त्रास दाराच्या उंबरठ्यावर थांबत नाही, हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. नवऱ्याला उठवून तिघेही बाहेर पडलो. नवऱ्याला उभे राहताना तोल सावरत नव्हता, त्यामुळे गाडी चालवून निघून जाण्याचा विचार आम्ही सोडला, आणि तोच निर्णय योग्य ठरला. शेजाऱ्याचे दार बडवून जनरेटर बंद करायला लावला. रुग्णवाहिकेला फोन लागला, पण आपण नेमके कुठे आहोत हे मला सांगता येईना, आणि त्यात बहुमोल वेळ गेला. रुग्णालयात रक्ततपासणीत निदान पक्के झाले आणि मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला गेला. साध्या हवेत रक्तातील या विषाचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

दुसऱ्या दिवशी मी अलार्म भिंतीवरून उतरवला. मागच्या लेबलवर, बोटाने धूळ पुसल्यावर, बदलण्याची तारीख दिसली. ती उलटून तीन वर्षे झाली होती. पुढे हिरवा दिवा मात्र ऐटीत लागलेला होता.

म्हणून जाणाऱ्यांनी गाडी घेतानाच हे लेबल वाचावे आणि तारीख उलटली असेल तर गाडी नाकारावी. स्वतःचा नवा अलार्म सोबत नेणे त्याहून उत्तम. अमेरिकेच्या यूएल २०३४ मानकानुसार चांगला अलार्मसुद्धा ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग) एक ते चार तासांनी आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो, तेव्हा दोघांचे डोके एकदम दुखू लागले तर भोंग्याची वाट न पाहता बाहेर पडावे. भिंत, बांध किंवा दाट झुडपांना पाठ लावून गाडी उभी करू नये, आणि कोणाचाही जनरेटर चालू असताना झोपू नये, मग शेजाऱ्याशी भांडण झाले तरी चालेल. ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. गॅसगळतीचा डिटेक्टर वेगळा असतो आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत हवा. आमच्या गाडीत तो छताला होता, यावरून बसवणाऱ्याची समज कळावी. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ आहे ना, आणि आपत्कालीन खिडकी खरोखर उघडते ना, हे दिवसाउजेडी हाताने करून पाहावे. आमची खिडकी दोघांनी ढकलल्यावर उघडली. मुक्कामी पोहोचताच ठिकाणाचे नाव आणि अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दारावर चिकटवावेत.

'सुरक्षा साहित्या'चे पैसे परत मागितले, तर अलार्म "चालू स्थितीत" दिला होता, असे लेखी उत्तर आले. त्या लेबलचा फोटो मी जपून ठेवला आहे.